दुपारची शिवण

१ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची! दादाने स्कूटरवरून माझी बॅग उतरवली, वहिनीने बांधून दिलेला डब्यांचा डोलारा उतरवला आणि खोली बघून म्हणाला, की मीच राहतो इथे, तू जा घरी. खोली आहेच तशी. तळमजल्यावरची, पायाला गार लागणारी फरशी, गल्लीकडे उघडणारी खिडकी, आणि खिडकीत मांडी घालून बसता येईल एवढा रुंद कट्टा. पलंग तेवढा जरा हललं की तक्रार करतो. करू दे. मी कुठे हलणार आहे? मला न हलण्यासाठीच पाठवलंय.

डॉक्टरीणबाईंनी तीन महिने सांगितलेत. काम नाही, कॉम्प्युटर नाही, फोन फक्त घरच्यांचा. रोज चार ओळी लिहा म्हणाल्या, पण लिहून झालं की परत वाचून सुधारत बसायचं नाही. माझा स्वभाव त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखला.

घरमालकीण म्हणजे वहिनीच्या आत्याच्या नणंदेच्या कोणीतरी. नातं सांगताना वहिनीलाच मध्ये श्वास घ्यावा लागला. मी त्यांना सरळ काकू म्हणणार आहे. सडसडीत बाई, जाड भिंगांचा चष्मा, पदराला दोन सुया टोचलेल्या. आल्याआल्या चहा दिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, की पोर अगदी चिपाड झालीये, आता निवांत पड. वर एकच खोली आहे. तिथे त्यांची मुलगी बेबी शिवणकाम करते. मशीनचा त्रास होणार नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, अहो, टीव्ही चॅनेलच्या ऑफिसात नऊ वर्षं काढलीत मी. मशीनचा आवाज म्हणजे मला अंगाई.

३ सप्टेंबर, बुधवार

निवांत पडणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे. मी सकाळी उठते, अंथरूण आवरते, खिडकीत बसते, आणि घड्याळात बघते तर अजून सकाळच असते.

बोटं ऐकत नाहीत. बातम्यांची चित्रफीत कापायची आणि जोडायची, हेच मी इतकी वर्षं केलं. दर तासाला नवं बुलेटिन, आणि दर बुलेटिनला कुणीतरी मानेवर श्वास टाकत उभं. आता इथे चादरीवर माझी डाव्या हाताची बोटं आपोआप कापण्याचं बटण दाबत असतात. गल्लीतून कुणी बोलत गेलं की मी मनातल्या मनात त्याचं वाक्य कुठे तोडायचं ते ठरवते.

त्या दिवसाचं एकदा लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली आणि हेल्मेट काढायला हात वर नेले, तर हात वर जाईनात. दुखत नव्हतं काही. नुसते जाईनात. तशीच हेल्मेट घालून स्कूटरवर बसून राहिले. लोक येत होते, हात करत होते, आत जात होते. संध्याकाळी वॉचमनने दादाला फोन लावला. दादा आला, त्याने माझ्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला आणि मी अशी रडले की बस. बिचारा अजून त्यावर विनोद करत नाही, म्हणजे बघा.

बेबीची मशीन दुपारी चालते. सगळी गल्ली जेवून आडवी झाली की वर खडखड सुरू होते आणि चार-साडेचारला थांबते. काय हात आहे! कुठे अडखळणं नाही, दोरा तुटणं नाही. पायमशीन असून एका लयीत. मी अजून तिला पाहिलं नाही. लाजाळू आहे, ऑर्डर असली की खाली उतरतच नाही, असं काकू म्हणाल्या.

६ सप्टेंबर, शनिवार

काम मिळालं! डॉक्टरीणबाईंना सांगायचं नाही.

काल संध्याकाळी काकू एक पांढरा शर्ट घेऊन आल्या. शाळेच्या गणवेशाचा, लहान मापाचा. बेबीने बाह्या उलट्या लावल्या म्हणे, उसवून द्यायला जमेल का. त्यांना आता भिंगातूनही टाका दिसत नाही. मी तर झडपच घातली. हातात ब्लेड धरलं आणि एकेक टाका तोडत गेले, आणि काय सांगू, पहिल्यांदा बोटं शांत झाली. तासभर मला ऑफिस आठवलं नाही. काकू समोर बसून माझ्याकडे बघत होत्या. तुझा हात हलका आहे, म्हणाल्या. इतक्या दिवसांत कुणी माझ्या हातांबद्दल चांगलं बोललं नव्हतं.

आज परत तसाच शर्ट आणला. परत बाह्या. मी गंमतीने म्हटलं, बेबीला माझ्याएवढीच विश्रांतीची गरज दिसते. काकू हसल्या नाहीत. मान हलवून हो म्हणाल्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

रोज एक शर्ट येतोय. रोज मी दोन्ही बाह्या मोकळ्या करते. आणि एक गोष्ट मला कळत नाहीये.

बाह्या उलट्या नसतात.

मी शिंपी नाही, पण आई घरचं सगळं शिवायची, तेवढं मला समजतं. पुढचा भाग पुढे, मागचा मागे, खांद्यावर चुणी नाही. दुकानात लागेल इतकं नेटकं काम. काकूंना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, मापात चूक आहे, तुला दिसायची नाही. असेल.

दुसरं म्हणजे, मी उसवायला बसले की वर कोणीतरी चालायला लागतं. मशीन तोवर थांबलेली असते. पावलं जड असतात, एक पाय किंचित घासत. आज मी कट्ट्यावरून उठून पलंगावर जाऊन बसले, सहज, उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून. पावलं पलंगावर आली. म्हणजे पलंगाच्या बरोबर वर. मग मी मुद्दाम दारापाशी गेले. पावलंही दारापाशी.

डोकं रिकामं असलं की नसते उद्योग सुचतात, असं आई म्हणायची.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शर्ट एकच आहे.

आज खिडकीत उजेडाला धरून पाहिला. बाही जिथे खांद्याला लागते तिथे कापडाला सुईची भोकं आहेत. एक रांग नाही, दोन नाहीत. रांगांवर रांगा, इतक्या की कापड चाळणीसारखं झालंय. हा शर्ट मी आल्यापासूनच नाही, त्याआधीही कित्येकदा शिवला आणि उसवला गेलाय. माझ्याआधी काकू उसवत असणार, डोळे होते तोवर.

आणि आता शिवण बदललीये. पूर्वी एकच ओळ असायची. परवापासून दुहेरी होती, आज चौपदरी. टाक्यावर टाका, टाक्यावर टाका, ब्लेडचं टोक शिरू नये इतकं दाटून. एक लांब केससुद्धा त्यात शिवला गेलाय. हे हौसेने कुणी शिवत नाही. उद्या कुणी हात लावू नये म्हणून जिवाच्या आकांताने शिवल्यासारखं आहे. मला हे ओळखता येतं. एक बातमी अकराव्यांदा परत आली होती तेव्हा मी अशीच की-बोर्डवर बोटं आपटत होते.

तरी मी उसवलं. अंगठ्याला ब्लेड लागलं. बाहीवर रक्ताचा ठिपका पडला आणि वरची पावलं थांबली.

बराच वेळ थांबली. मग वरून कुणीतरी खाली वाकल्यासारखं, जमिनीला तोंड लावून श्वास घेतल्यासारखं —

उंदीर असतील. जुनी घरं.

१४ सप्टेंबर, रविवार

वहिनीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारलं, की बेबी कशी आहे ग स्वभावाने. वहिनी म्हणाली, कोण बेबी? मी म्हटलं, काकूंची मुलगी, वर शिवत असते ती. वहिनी म्हणाली, अगं, ती जाऊन झाली की सहा वर्षं.

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंस. तर म्हणाली, तुझीच ती अवस्था, त्यात मेल्या माणसांच्या गोष्टी कुठे सांगत बसू? काकू एकट्या आहेत, घर शांत आहे, एवढंच मी बघितलं. मशीन काकूच चालवत असतील, वेळ जात नसेल त्यांचा.

मशीन चालू होती तेव्हा. आणि काकू माझ्या समोरच्या ओट्यावर धुणं वाळत घालत होत्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज मशीन थांबल्यावर काकूंना विचारलं. वाटलं होतं, चिडतील, रडतील, निदान दचकतील. त्या शर्टाची घडी करत म्हणाल्या, वहिनीने सांगितलं वाटतं.

मग सगळं सांगितलं, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं. वडील गेल्यावर बेबीच्या शिवणावर घर चाललं. गणवेशांची ऑर्डर होती, शाळा उघडायला आली होती. पोरगी रात्रंदिवस मशीनवर. डोळे मिटतात ग आई, म्हणाली. काकूंनी तिला चहा नेऊन दिला. शेवटचा शर्ट, बाह्याच तेवढ्या राहिल्या होत्या. परत चहा घेऊन गेल्या तेव्हा तिचं डोकं मशीनवर टेकलेलं होतं. झोपली म्हणून त्यांनी उठवलं नाही, पाय न वाजवता खाली आल्या.

पुढे काही दिवसांनी, भर दुपारी, वर मशीन सुरू झाली. काकू धावत गेल्या. कोणी दिसलं नाही, पण बाह्या लागलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, की मी तो शर्ट उराशी धरला आणि माझ्या लक्षात आलं. काम पुरं झालं की ही जाणार. मग मी उसवला. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

मी म्हटलं, काकू, ती दमलीये हो. ती झोपायला मागतेय. सहा वर्षं तुम्ही तिला झोपू दिलं नाहीत.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, तुला मूल नाही. आणि शर्ट माझ्या मांडीवर ठेवून गेल्या.

मी उसवणार नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नाही उसवला. परवा संध्याकाळी तसाच्या तसा, दोन्ही बाह्यांसकट घडी करून त्यांच्या खोलीत ठेवला.

काल दुपारी मशीन वाजली नाही. गल्ली आडवी झाली, ऊन भिंतीवरून सरकलं, आणि वर काहीच नाही. मी पलंगावर पडले आणि झोपले. गोळीशिवाय, स्वप्नाशिवाय. उठले तेव्हा चादरीवरचे हात सुटे पडलेले होते. माझे हात. मला हसूच आलं. वाटलं, दोघी एकदमच झोपलो.

आज सकाळी काकू कापड घेऊन आल्या. गठ्ठाच. जमिनीवर पसरून खडूने खुणा करत होत्या, भिंग कापडाला टेकवून. बाह्या, पाठी, गळे. कापत होत्या आणि गुणगुणत होत्या.

दुपारी मशीन सुरू झाली.

संध्याकाळ झाली. अजून थांबलेली नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

थांबलेली नाही. मधूनमधून लय तुटते. तुटली की कुणीतरी कण्हतं. मग परत खडखड. कानांत कापूस घातला. पलंगाच्या लोखंडातून ऐकू येतं, दातांतून ऐकू येतं.

दादाला फोन केला. घेऊन जा म्हटलं. तो बिचारा लगेच निघत होता, पण वहिनीला ताप आहे. रविवारी सकाळी येतो म्हणाला. काय झालं विचारत होता. काय सांगू? म्हटलं, आवाज सहन होत नाही. तर म्हणाला, थोडा धीर धर, नव्या जागेला वेळ लागतो.

काकूंच्या पाया पडले. म्हटलं, तुम्हाला बघवतं कसं? त्या म्हणाल्या, मी बघत नाही ग. मला दिसत कुठे. मी ऐकते. घरात कुणीतरी आहे, एवढंच मला ऐकायचंय.

मला त्यांची दया आली. तेच भयंकर आहे. दया आली.

२० सप्टेंबर, शनिवार

ही वही झोळीत घेऊन वर जाते आहे. मशीनचा पट्टा काढून आणते, बस. पट्टा नसेल तर चाक फिरणार नाही. काकू बाजारात गेल्यात. भर दुपार आहे, लख्ख ऊन आहे. घाबरायचं काय त्यात.

*

दार उघडंच होतं.

ती होती. पाठमोरी. वेणी सुटलेली, मान अशी पुढे झुकलेली, जणू मानेत हाडच नाही. पाय पायडलवर. घोटे सुजलेले. खोलीभर शर्ट, खिडकीपर्यंत शर्ट.

मला भीती वाटायला हवी होती. पण पार्किंगमध्ये बसले होते तेव्हा मी मागून अशीच दिसत असणार, एवढंच मनात आलं. मी म्हटलं, बेबी, ऊठ. पुरे आता. ऊठ, बाळा.

ती उठली.

इतकी लगेच. जणू कुणी म्हणायचीच वाट बघत होती. चेहरा नीट पाहिला नाही मी. डोळे मिटलेलेच होते. भिंतीकडे गेली, कापडांच्या ढिगावर अंग टाकलं, गुडघे पोटाशी घेतले. एक लांब श्वास. मग काही नाही. ढिगावर नुसता खळगा राहिला.

मी रडले. खूप हलकं वाटलं.

पट्टा काढायला वाकले. सुईखाली एक बाही अर्धी शिवलेली होती. अर्धीच. तशी सोडवेना. अगदी थोडी राहिली होती, वीतभर. बसले. म्हटलं, एवढी सरळ करून टाकावी —

*

अंधार झालाय. माझे पाय थांबत नाहीत.

मी त्यांना थांबायला सांगते. सांगते आहे.

काकू चहा ठेवून गेल्या. केसांवरून हात फिरवला. बेबी म्हणाल्या मला. मी म्हटलं, मी नाही हो, मी खालची. चाचपून माझा खांदा पाहिला त्यांनी. सगळं कळलं त्यांना, मी पाहिलं, चेहऱ्यावर पाहिलं. मग हात परत डोक्यावर ठेवला. आणि नवीन गठ्ठा —

२१ सप्टेंबर, रविवार

डाव्या हाताने लिहितेय. खडूने. उजवा कापड सरकवतो. बाही संपते, दुसरी हाताशी येते.

मान धरता येत नाही.

स्कूटर. दादाची स्कूटर. तोच.

खाली बोलतायत. काकू सांगतायत, की ती सकाळच्या बसने गेली, कळवलं नाही का तिने. बॅग? बॅग घेऊन गेली. दादा घाबरलाय, आवाज चढलाय त्याचा. फोन लावतोय. माझा फोन काकूंच्या —

ओरडते आहे. दादा. दादा. मशीन माझ्यापेक्षा मोठ्याने —

विचारतोय, वर कोण आहे. माझी मुलगी, म्हणाल्या.

जिन्याशी आलाय. वर बघत असेल. दादा, ये. ये ना. म्हणतोय, किती तालात चालवतात हो. आमच्या बहिणीलासुद्धा कामाचं असंच वेड. रडतोय का तो? म्हणतोय, त्यांना म्हणावं, जरा जपा.

हो, दादा. हो.

पायरी वाजली. एक. काकू म्हणतायत, नको, ऑर्डर आहे, तिला मध्ये उठवलेलं —

थांबला.

पाय उचलते मी. एकच. उजवा. दोन्ही हातांनी धरून उचलते, म्हणजे लय तुटेल, म्हणजे त्याला ऐकू येईल. वही खाली ठेवते. दादा, जाऊ नकोस, मी आत्ता पाय —